ओरोझ काकांना डावीकडे सरकवताना

ओरोझ काकांना तीन बोटं डावीकडे सरकवायला अकरा मिनिटं लागतात. उन्हाळ्यात किती लागली असती ते मला सांगता येणार नाही, कारण ही सगळी भानगड बिश्केकपासून दूर डोंगरातल्या आमच्या नारीन गावात फेब्रुवारीत झाली, आणि तीही तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत, उणे एकोणीस अंशात. आकडा खात्रीचा आहे. मी हवामान केंद्रात कनिष्ठ निरीक्षक आहे. नारीनमध्ये थंडी आहे, हे दिवसातून आठ वेळा सरकारला लेखी कळवणं हे आमच्या केंद्राचं काम. सरकारनं आजवर एकदाही शंका घेतलेली नाही.

सुरुवात चहाच्या वेळी झाली. आमच्या घरात वाईट गोष्टींची सुरुवात चहाच्या वेळीच होते, कारण तेव्हा सगळे जमलेले असतात आणि तोंडात तळलेल्या पिठाचे बोरसोक असल्यामुळे कोणाला पटकन विरोध करता येत नाही. माझ्या आजीला, बुरुलचा तिचं नाव, ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. तिची तोई, म्हणजे शेजारपाजार, सोयरेधायरे आणि अर्ध्या नारीनला घालायची जेवणावळ, मार्चच्या पहिल्या रविवारी ठरली होती. हॉल ठरला, मेंढ्या ठरल्या, गाणारा ठरला. राहिला होता तो दारासमोरच्या भिंतीवरचा बॅनर.

आजी म्हणाली, "त्या भिंतीवर मला माझी पाचही लेकरं एकत्र दिसली पाहिजेत. नाही दिसली, तर मी हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. माझी ऐंशी वर्षं तुम्ही माझ्याशिवाय साजरी करा."

सगळे आपापल्या कपात बघायला लागले.

कारण असं, की आजीची पाच मुलं एका फोटोत कधीच नव्हती. सगळ्यांत थोरले ओरोझ काका, मग माझे वडील, मग दोन आत्या, आणि शेंडेफळ जोमार्त काका. यातले ओरोझ काका आणि जोमार्त काका नऊ वर्षांत एका फोटोत सोडाच, एका वाक्यातसुद्धा एकत्र आलेले नव्हते. मध्ये एक घोडा होता.

झालं होतं ते एवढंच. नऊ वर्षांपूर्वी ओरोझ काकांच्या मुलाचं लग्न निघालं. जोमार्त काका तेव्हा बिश्केकला कामाला होते, आणि त्यांचा करडा घोडा थोरल्या भावाच्या गोठ्यात होता. लग्नाच्या जेवणाला घोडा हवा. ओरोझ काकांनी इकडेतिकडे पाहिलं, तर समोरच एक उभा. जोमार्त काका लग्नाला आले, जेवले, मांस फार छान शिजलंय म्हणाले, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि हात पुसून घोड्याला भेटायला गोठ्यात गेले.

त्याच आठवड्यात ते मॉस्कोला गेले. तिथे टॅक्सी चालवतात. परत आलेले नाहीत.

तर त्या शांततेत एक मूर्ख बोलला. तो मी होतो.

"मी जोडतो की सगळ्यांना," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर."

या आत्मविश्वासाला आधार होता. 'बर्फावर जपून चाला' हे आमच्या कार्यालयातलं पोस्टर मीच केलेलं आहे. त्यातल्या माणसाला चुकून तीन पाय झाले होते, पण तीन पायांचा माणूस बर्फावर जास्त जपून चालेल असं साहेबांचं मत पडलं आणि ते मंजूर झालं.

"त्यापेक्षा बिश्केकहून माणूस बोलावू," ओरोझ काका म्हणाले. "आईची ऐंशी वर्षं काय ह्या पोराच्या हातात द्यायची?"

"जानिश करेल," आजी म्हणाली. "त्याला नाहीतरी काय काम असतं? बाहेर थंडी आहे का, एवढंच तर बघायचं असतं."

अशा रीतीनं माझी बाजू घेतली गेली.

माझा लॅपटॉप साधा होता. चार जीबीची मेमरी. फोटोंचं ते सॉफ्टवेअर सोळा मागत होतं. बॅनर छापणाऱ्या मीरबेकनं ते मला घालून दिलं, तेव्हा मी हा फरक त्याच्या नजरेला आणला. मीरबेकची या विषयावरची समज खोल होती. तो म्हणाला, "मुलगी द्यायला मुलीकडचे कलीमची सोळा गुरं मागतात. मुलगा चार घेऊन येतो. लग्न मोडतं का? आधी थोडी तोंडं वाकडी होतात, मग सगळं सुरळीत."

तोंडं वाकडी झाली. सॉफ्टवेअर उघडायलाच इतका वेळ लागला की मी दाढी करून आलो. पहिली आत्या आत घेतली तेव्हा लॅपटॉपचा पंखा असा काही घरघरला की वादळ आलं समजून आईनं खिडकी लावली. दुसऱ्या आत्याबरोबर कीबोर्ड तापला. त्यातल्या त्यात चांगलं एवढंच, की आईनं बोरसोकच्या पिठाचं पातेलं माझ्याशेजारी आणून ठेवलं आणि ते त्या वर्षी फुगलं नव्हतं असं फुगलं. वडिलांना आत घेताच पडदा काळा झाला. वडील हे मनाला लावून घेणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी घेतलं.

"दोन्ही बहिणी चालल्या आणि मी जड झालो?"

आमच्यासमोर आसानकुल म्हणून एक निवृत्त गृहस्थ राहतात. अठ्ठावीस वर्षं गावच्या बॉयलरवर होते. घरघर ऐकून ते चपलांवरच आले, लॅपटॉपच्या पोटाला हात लावला आणि डॉक्टरसारखे गप्प राहिले.

"उष्णता," ते शेवटी म्हणाले.

"नजर," आजी म्हणाली.

आमच्या घरात शास्त्र आणि आजी यांचा मतभेद झाला की आधी आजीचा उपाय करतात, म्हणजे मग शास्त्राला वाव उरतो. आजीनं आर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या एका सुगंधी झाडाच्या, वाळक्या फांद्या तव्यावर पेटवल्या आणि "अलास, अलास" म्हणत तो धूर लॅपटॉपभोवती तीनदा फिरवला. माणसाची दृष्ट काढताना धूर अंगावरून जातो. लॅपटॉपला पंखा असतो. त्यानं तो सगळा आत ओढून घेतला. पुढे कित्येक दिवस ओरोझ काकांना हात लावला की घरभर पवित्र वास सुटायचा.

मग शास्त्राचा नंबर लागला. "बाल्कनीत ने," आसानकुल म्हणाले. "बाहेर एवढी थंडी फुकट पडलीय."

आणि काय सांगू, बाल्कनीत लॅपटॉप चालला! पळाला नाही, पण चालला. उणे एकोणीसला तो सगळ्यांत खूश असायचा. उणे बारा झाले की कुरकुर सुरू. मी नोंदी ठेवल्या आहेत. आजोबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट, कानटोपी, आणि उजव्या हातमोज्याला माऊसच्या बोटासाठी भोक, असा माझा पोशाख असे. खालून येणारे-जाणारे थांबत.

"जानिश! बायकोनं बाहेर काढलं का रे?"

"माझं लग्न झालेलं नाही!"

"मग आईनं का?"

आजी आतून, काचेपलीकडून, सूत्रं हलवत असे. फोटोत कोणी कुठे उभं राहायचं हे तिनं मांसाच्या वाटपावरून ठरवलं होतं. त्यात वादाला जागाच नसते. ताटात कोणाला कुठलं हाड पडतं ते जन्मापासून ठरलेलं असतं. "ओरोझला जांबाशचं मानाचं हाड मिळतं," ती काच वाजवून सांगे, "म्हणजे तो माझ्या उजव्या हाताला. आणि जोमार्त त्याला चिकटून."

"चिकटून कशाला आजी?"

"दोघं चार वर्षं एका पांघरुणात झोपलेत. आता काय झालं?"

जोमार्त काकांचा फोटो मिळवणं हे वेगळंच प्रकरण होतं. नऊ वर्षांत त्यांनी घरी पाठवलेले सगळे फोटो टॅक्सीच्या पुढच्या सीटवर स्वतःच काढलेले. सगळ्यांत छातीवरून आडवा सीटबेल्ट. मी फोन केला.

"काका, पट्टा काढून एक फोटो पाठवा ना. उभं राहून."

"पाठवतो की."

आला. पट्ट्यासकट. पुन्हा मागितला. पुन्हा पट्टा, शिवाय हातात पाव.

"काका, गाडीतून उतरून कोणाला तरी काढायला सांगा."

फोनवर जरा वेळ नुसते हॉर्न ऐकू आले. "इथे कोणाला सांगू?" ते म्हणाले. मग लगेच आवाज बदलून, "मला उभा कुठे करतोयस?"

"ओरोझ काकांच्या शेजारी."

परत हॉर्न.

"ठीक आहे. आईनं सांगितलं असेल. पण मध्ये जागा ठेव."

"किती?"

"एक घोडा उभा राहील एवढी."

इथून माझ्या हालांना खरी सुरुवात झाली. जोमार्त काकांच्या शब्दाखातर मी ओरोझ काकांना तीन बोटं डावीकडे सरकवायचो. अकरा मिनिटं. आजीची काच वाजायची. मग तीन बोटं उजवीकडे. अकरा मिनिटं. एकदा तर ओरोझ काका स्वतःच पाहणीला आले, बाल्कनीत माझ्या मागे उभे राहिले आणि स्वतःकडे बराच वेळ बघत राहिले.

"त्या टॅक्सीवाल्याला लागून मी उभा राहणार नाही."

"काका, तुम्ही उभे नाही आहात. तुम्ही लेयर आहात."

"मी काय आहे?"

"म्हणजे तुम्ही एका वेगळ्या थरावर आहात. ते दुसऱ्या. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही."

हे त्यांना एकदम पटलं. "असंच पाहिजे," ते म्हणाले. जाताना मात्र दारात थांबून विचारलं, "तो बारीक झालाय का रे? की फोटोच तसा आहे?" मी म्हणालो, फोटोच तसा आहे. खरं म्हणजे फोटोला मी हातही लावला नव्हता.

आता कुलीपाबाई. आमच्या इमारतीच्या समितीच्या त्या अध्यक्षा आहेत. हिवाळ्यात वीज जपून वापरायचं फर्मान निघालेलं, आणि तिसऱ्या मजल्यावर एक माणूस बाल्कनीत वायर ओढून रोज काहीतरी करतोय, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्या छापील अर्ज घेऊनच वर आल्या.

"उपकरणाचा प्रकार?"

"लॅपटॉप."

"वापराचा हेतू?"

मी दोन आठवडे थंडीत बसलेला माणूस. खोटं बोलायलाही डोक्याला थोडी ऊब लागते. "काका हलवणे," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. "किती काका?"

"दोन."

"मग दोन अर्ज करावे लागतील. एका अर्जावर एकच हेतू बसतो." त्यांनी दुसरा कागद काढला. "आणि शनिवारी संध्याकाळी सहाला आपली वीज जाणार आहे, पाळी आपली आहे. ती रविवारी सकाळी येईल. तेवढ्यात काय हलवायचे ते काका हलवून घ्या."

रविवारी तोई. मीरबेकचं छपाईचं मशीन जनरेटरवर चालतं, पण त्याला चित्र शनिवारी संध्याकाळपर्यंत हवं होतं. आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी नुसती मानापुरती होती. वायर काढली की तो सरळ डोळे मिटायचा.

शनिवारी दुपारी सगळं जमलं होतं. मध्ये खुर्चीवर आजी, वडील, दोन्ही आत्या, उजवीकडे ओरोझ काका, आणि अर्ध्या घोड्याइतकं अंतर सोडून जोमार्त काका. घोड्याच्या बाबतीत मी दोन्ही पक्षांना निम्मं निम्मं दिलं होतं. राहिला होता तो फक्त सीटबेल्ट. तो मी कापून वेगळा केला, माऊसनं धरला आणि बाहेर ओढला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

लॅपटॉप गोठला.

मी थांबलो. पाच पंचवीस. पुन्हा ओढला. काही नाही. मग माणूस करतो ते केलं. दिसेल ते दाबलं. ओरोझ काकांना धरून हलवून पाहिलं. आसानकुल मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "भार फार झालाय. बॉयलरवर भार झाला की आम्ही सगळ्या नळ्या एकात जोडायचो. याला तसलं काही नाही?"

होतं. सगळे लेयर एकत्र करायचं बटण होतं. तेही मी दाबलं. घाबरून पेनड्राइव्हवर साठवायचंही दाबलं. पडद्यावर ढिम्म काही नाही. आजी काचेला नाक लावून उभी. तिच्या श्वासानं काच धुरकट होत होती, ती पुन्हा पुसत होती.

पाच त्रेपन्नला लॅपटॉपला जाग आली. आणि गेल्या पाऊण तासात मी चिडून जे जे दाबलं होतं, ते ते सगळं त्यानं निष्ठेनं, एकामागून एक, पार पाडलं. ओरोझ काका उजवीकडे सरकत गेले ते थेट भावाच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत. सीटबेल्ट लांबला, आणखी लांबला, जोमार्त काकांच्या खांद्यावरून निघाला, दोघांच्या छातीवरून आडवा गेला आणि ओरोझ काकांच्या कमरेशी जाऊन बसला. मग सगळे लेयर एक झाले. मग चित्र साठवलं गेलं. हे काम त्यानं इतक्या सफाईनं केलं की मला क्षणभर त्याचा अभिमान वाटला.

'मागे घ्या'वर बोट नेलं, आणि वीज गेली. पाच अठ्ठावन्न. आमच्याकडे वीज येते उशिरा, पण जाते वेळेच्या आधी.

"राहू दे, सकाळी करशील," असं म्हणून आईनं मायेनं लॅपटॉप आत नेला आणि स्वयंपाकघरात, पेटत्या चुलीपाशी, उबेला ठेवला. बाहेरच्या उणे एकोणीसमधून आतल्या वाफाऱ्यात! गार वस्तू ऊबदार दमट हवेत आणली की तिच्यावर पाणी सुटतं, हे मी शाळेतल्या मुलांना आमच्या केंद्रात बोलावून समजावून सांगतो. चित्रंही आहेत. लॅपटॉपच्या कडेनं तीन थेंब ओघळले. तो पुन्हा कधी सुरू झाला नाही.

पेनड्राइव्ह घेऊन मी मीरबेककडे धावलो.

"हा पट्टा काढता येईल का?"

"एकदा एकजीव झालेलं कसं वेगळं करू?" तो म्हणाला. बराच वेळ पाहत राहिला. "पण कल्पना चांगली आहे. बिश्केकला असलंच चालतं का हल्ली?"

रविवारी हॉलमध्ये मी बॅनरखालीच उभा राहिलो. तीन मीटर लांब चित्राला एक माणूस झाकू शकत नाही, पण प्रयत्न केला. ओरोझ काका आले. त्यांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"सीटबेल्ट, काका."

"मला त्याच्याबरोबर बांधलंयस?"

"मी नाही, लॅपटॉपनं."

"म्हटलं होतं ना बिश्केकचा माणूस बोलवा! मला चारशे माणसांत…" ते खुर्ची ओढून वर चढले आणि बॅनरच्या कोपऱ्याला हात घातला. सोयरे थबकले. गाणाऱ्यानं हातातलं वाद्य खाली ठेवलं.

नेमकी तेव्हा आजी आली. पांढरा रुमाल बांधलेला, हातात काठी. दारातच थांबली. पाऊल आत टाकलं नाही. काठीनंच भिंतीवरची लेकरं मोजली. एक. दोन. तीन. चार. पाच. परत मोजली. मग आत आली, हळूहळू बॅनरपर्यंत गेली, आणि त्या पट्ट्यावर हात ठेवला.

"हे कोणी केलं?"

"मी केलं, आजी." मेलो, असं मी मनात म्हणालो.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मागच्या खेपेला, त्या लग्नात, दोघांना बांधायचं राहून गेलं होतं."

मग खुर्चीवर चढलेल्या आपल्या बासष्ट वर्षांच्या मुलाकडे तिनं वर पाहिलं. "उतर खाली. पडशील."

ओरोझ काका उतरले.

मी कशाला तसं केलं ठाऊक नाही, पण फोन काढला आणि जोमार्त काकांना व्हिडिओ लावला. ते टॅक्सीतच होते. पट्टा होताच. मी फोन भिंतीकडे वळवला. पलीकडे गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला.

"आणि घोड्याची जागा?" ते म्हणाले.

हे ओरोझ काकांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. नऊ वर्षांनी दोघं समोरासमोर. ओरोझ काकांनी घसा साफ केला.

"घोडा चांगला होता," ते म्हणाले.

"बसायला, की खायला?"

ओरोझ काकांनी विचार केला. ते प्रामाणिक माणूस आहेत, म्हणून वेळ लागला.

"दोन्हीला," ते म्हणाले. मग फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले, उणे चौदात, टोपी न घालता, आणि पाऊण तास आत आले नाहीत. आजीनं मांस वाढताना जोमार्तच्या वाटणीचं एक हाड कागदात गुंडाळून बाजूला ठेवायला लावलं. "उन्हाळ्यात येईल तेव्हा मोठं देऊ," एवढंच म्हणाली. माझ्या वाट्याला मेंढीचा कान आला. कान लहानांना देतात. डिझायनरला वेगळं असं काही हाड ठरलेलं नाही.

मी कान खात बॅनरसमोर उभा होतो. जरा कौतुक ऐकू येतंय का, हे पाहायला कान हाताशी होताच. तेवढ्यात शेजारी कुलीपाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं, पट्ट्यावरून बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, आणि पर्स उघडली.

"तुमच्याकडून दोन काकांचे दोन अर्ज घेतले होते," त्या म्हणाल्या. "आता तर हे एकच दिसतायत. हा एक परत घ्या."